सिंभोऱ्याची मासोळी

वऱ्हाडी माणसाला मासोळी खायची हुक्की आली की तो काही अलिबाग गाठत नाही. तो मोर्शीचा रस्ता धरतो. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. दरवाजे 13, आणि जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. दमयंती ही विदर्भाची राजकन्या, तर नळराजा पाककलेत इतका तरबेज की ‘नलपाक’ हा शब्दच त्याच्यावरून आला. मासोळीच्या तळ्याला याहून शोभेलसं नाव कुठून आणणार?

रोहू, कतला, मृगळ या इथल्या ओळखीच्या मासोळ्या. कतल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो; मृगळ तळाशी. रोहू मधल्या थरात. म्हणून एकाच पाण्यात तिघं सुखानं नांदतात.

ही मासोळी पकडणाऱ्या भोई समाजाचं खरं कसब पाहायचं तर जाळं दुरुस्त होताना पाहा. फाटलेला भाग पायाच्या अंगठ्यात ताणून धरायचा आणि सुईनं एकेक घर विणत जायचं. सूत जाऊन नायलॉन आलं, पण गाठ हातानंच बसते.

काठावर तळलेली मासोळी मिळते. घरी मात्र लाल तिखटाचा रस्सा आणि जवारीची भाकर; काटे सांभाळत, सावकाश.

पावसाळ्यात जाणार असाल तर एक विनंती: धरणाचे दरवाजे उघडले असताना खालच्या नदीपात्रात उतरू नका.