आम्ही ताडोबा पाहिला
(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



सहलीला गेलेल्या अठरा जणींपैकी कोणी तरी चार शब्द बोलावेत असे ठरले आणि चिठ्ठी नेमकी माझ्या नावाची निघाली. मी सातवी शिकलेली बाई. शाळेत एकदा टिळक पुण्यतिथीला बोलायला उभी राहिले होते, ती मध्येच विसरून खाली बसले. म्हणून आज कागदावर लिहून आणले आहे. वाचताना अडखळले तर सांभाळून घ्यावे.

होळी झाल्यावर आठ दिवसांनी आम्ही निघालो. मंगळवारी ताडोबा बंद असतो, म्हणून बुधवार धरला. पहाटे साडेतीनला गाडी सुटली. डबे आदल्या रात्रीच भरले होते. तिळाची चटणी आणि पोळ्या एकीने, दशम्या दुसरीने, आणि लोणच्याची बरणी तीन घरांतून आली, कारण कोणी कोणाला विचारले नव्हते. चंद्रपूर मागे पडले आणि मोहर्लीच्या फाटकापाशी पोहोचलो तोवर उजाडत होते. तिथे मोबाईल बाहेर ठेवावे लागले. आत नेऊ देत नाहीत. पुष्कळ जणी मला विचारतात, वाघाचा फोटो कुठे? तो नाही, एवढेच उत्तर.

एका जिप्सीत सहा जण, शिवाय चालक आणि गाईड. आमच्या जिप्सीत गाईड म्हणून मोहर्लीचीच एक तरुण मुलगी होती, खाकी कपड्यांतली. आम्हाला ती काकू-काकू म्हणू लागली. तिने सांगितले की ताडोबा हे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. पुढे १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले आणि दोन्ही मिळून १९९५ च्या सुमारास व्याघ्र प्रकल्प. हे मी शाळेतल्यासारखे पाठ केले आहे, कारण घरी आल्यावर मुलाने पहिल्यांदा हेच विचारले.

रान त्या दिवसांत कसे दिसते ते सांगते. बांबू पिवळा पडलेला, सागाची पाने गळून खाली पसरलेली, आणि मधून मधून पळस पेटल्यासारखा. कारूचे झाड तर पानाशिवाय पांढरेफटक उभे असते. त्याला लोक भुताचे झाड म्हणतात, आणि अंधारात पाहिले तर खरोखरच कोणाचीही बोबडी वळेल. रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब लागतात. गोंड राजांच्या काळी या खांबांवरून दोर बांधून घंटा वाजवीत राजाची खबर चांद्याला पोहोचवीत, असे सांगतात. आमच्यापैकी एक म्हणाली, तो त्या वेळचा टेलिफोनच म्हणायचा.

तळ्याच्या काठी ताडोबा देवाचे ठाणे आहे. तारू नावाचा गावचा प्रमुख होता. तो वाघाशी लढता लढता मेला आणि त्याचाच देव झाला, अशी गोंड लोकांची कथा आहे. पौषात तिथे त्यांची जत्रा भरायची. म्हणजे ज्या रानाला आपण वाघाचे म्हणतो, त्याचे नाव वाघाने मारलेल्या माणसाचे आहे. हे मला इतकी वर्षे घुग्घुसला राहून माहीत नव्हते. ताडोबाच्या पाट्या मात्र रोज पाहत होते.

गाईड मुलगी डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त पाहत होती. एकदम हात वर करून तिने जिप्सी थांबवली. वानर खोकल्यासारखे ओरडत होते, मग चितळाचा आवाज आला. ती म्हणाली, "काकू, वानर वरून पाहून सांगतो, चितळ वासाने सांगतो, पण सांबर ओरडले की समजायचे वाघ नक्की." थोड्या वेळाने सांबरही ओरडले. आणि तेलिया तलावाच्या बाजूने वाघीण आली. बांबूतून निघाली, रस्ता ओलांडला, आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. दोन मिनिटे झाली असतील. इतर जिप्स्यांतून एकच गलका उठला. मला इथे कबूल केले पाहिजे की तो गलका ऐकून नाके मुरडणाऱ्यांत मी होते, आणि सगळ्यांत मोठ्याने "बाई गं!" ओरडले तीही मीच.

परतताना एक मोठे मोकळे गवताचे माळरान लागले. चितळांचे कळप चरत होते. गाईड म्हणाली, ही जामणी. इथे गाव होते, ते उठवून बाहेर वसवले. आम्ही हो हो म्हटले आणि पुढे गेलो.

दुपारी मात्र सहल निराळी झाली. कोअरमध्ये पायी उतरता येत नाही, खाली पाय टेकला तर दंड. पण बफर भागात, म्हणजे भोवतालच्या गावांच्या रानात, वनखात्याचा माणूस बरोबर असेल तर पायी जाता येते. त्या मुलीने आम्हाला आपल्या मावशीकडे नेले. मावशी गोंडीण, पन्नाशीच्या पुढची, अंगाने काटक. दाराशी "जय सेवा" म्हणून सगळ्यांना पाणी दिले. घर सारवलेले इतके स्वच्छ की आमच्या फरशीची लाज वाटावी. बोलता बोलता लग्नाचा विषय निघाला, बायका जमल्या म्हणजे तो निघतोच. तेव्हा कळले की त्यांच्यात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी घराणी असतात आणि सारख्या देवांच्या घराण्यात लग्न होत नाही. अगदी आपल्या सगोत्रासारखे. नवे मोहफूल देवाला दाखवल्याशिवाय ते तोंडात घालत नाहीत.

मग मावशी पुढे, वनरक्षक मागे आणि मध्ये आम्ही, असे मोहाच्या झाडापर्यंत निघालो. जेमतेम पाऊण मैल वाट. सकाळी जिप्सीत वाघ दिसावा म्हणून देवाचा धावा करणाऱ्या आम्ही आता एकमेकींचे पदर धरून चाललो होतो. मावशी मोठ्याने बोलत चालली होती, आणि आम्हालाही बोला म्हणाली, गप्प राहू नका. धुळीत एका ठिकाणी ती थांबली आणि काठीने दाखवले. पंजा. ताजा होता, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. भगिनींनो, सकाळी वाघीण समोर पाहिली तेव्हा मला भीती वाटली नाही. तो ठसा पाहिला आणि पोटात गोळा आला.

मोहफुले रात्रभर गळतात आणि उन्हे वर येईपर्यंत वेचावी लागतात, नाही तर जनावरे खातात. माझे माहेर सिंदेवाही तालुक्यातले. लहानपणी आईबरोबर मीही मोह वेचला आहे, आणि वैशाखात तेंदूची पाने तोडून सत्तर पानांचा एक असे पुडे बांधले आहेत. आई मला मध्ये बसवायची आणि स्वतः रानाच्या बाजूला बसायची. तेव्हा कारण कळले नव्हते. ते त्या दिवशी वनरक्षकाने सांगितले. उभा माणूस वाघाला माणूस दिसतो, पण वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला एखादे जनावरच वाटतो. मोह वेचायचा तर वाकावे लागते, आणि तेही अंधारात.

आमच्यातल्या एकीने उत्साहाने सांगितले की सकाळी आम्हाला वाघ दिसला. मावशी हसली. म्हणाली, "बाई, तुमी पैसे देऊन वाघ पाहाले येता. आमी तो दिसू नये म्हून वाघोबाले नारळ फोडतो." त्यात राग नव्हता. पण मग तिने विचारले, "जामणीचा माळ पाह्यला का? तिथे माहं माहेर होतं." सकाळी आम्ही जिथे हो हो म्हणून पुढे गेलो, तेच ते. आता माहेरची जागा पाहायची तर तिलाही फाटकावर तिकीट काढावे लागेल. मला पुढे काही विचारता आले नाही.

आपल्या मंडळातल्या एका बाईंचा भाचा नैरोबीला असतो. दिवाळीत आला होता तेव्हा त्याने मसाई लोकांचे फोटो दाखवले. लाल वस्त्र पांघरलेले, हातात भाला घेतलेले उंच लोक. गुरे हेच त्यांचे धन. आणि ऐका, शेणामातीची घरे तिथे बायका बांधतात. मसाई मारा म्हणून मोठे राखीव रान आहे, त्यात पाहुणे मोटारीतूनच सिंह पाहतात. पण भोवतालच्या जमिनी मसाईंच्या मालकीच्या आहेत, तिथे मसाई माणूस भाला घेऊन पुढे चालतो आणि पाहुण्यांना पायी फिरवतो. त्या जमिनीचे भाडे दर महिन्याला त्यांना मिळते. मी म्हटले, म्हणजे आमच्या मावशीसारखेच, फक्त मावशीला भाडे नाही. तिच्या भाचीला गाईडचे काम मिळाले, मोहर्लीच्या कितीतरी घरांत जिप्सी आणि खानावळीचा पैसा येतो, हे खरेच आहे आणि चांगलेच आहे. पण मोह वेचणारी मावशी त्या हिशेबात कुठेच नाही.

आणि मग मे महिना आला. २०२५ सालच्या मे महिन्याच्या १० तारखेला सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा माल गावच्या तीन बायका तेंदूपाने तोडायला गेल्या आणि वाघिणीने तिघींनाही मारले. बातमी ऐकली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पहिला फोन माहेरी केला. वहिनी घरी होती. म्हणाली, "मी ठीक आहे, पण उद्या जावंच लागेल, वन्सं. हंगाम पंधरा-वीस दिवसांचाच असतो." मी तिला जाऊ नको म्हटले. पण मग त्या पंधरा दिवसांचे पैसे कोण देणार, हे मला सांगता आले नाही.

कोणी म्हणतील, वाघ नकोतच मग. मावशीसुद्धा असे म्हणाली नाही, तर मी कोण म्हणणार? आणि वाघ काही ताडोबातच राहत नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या आवारात कामावरून परतणारा कामगार वाघाने नेला. आपल्या घरची माणसे खाणीत रात्रपाळी करतात, दारात वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची भुकटी बसते. त्याच रात्री, त्याच झुडपांतून तोही फिरतो. आपण सगळे एकाच रानात राहतो, आपल्या वाट्याला फक्त दिवे जास्त आले.

आता कामाचे सांगते. मावशीच्या मोहाच्या झाडाखाली तिने दोन जुनी नायलॉनची लुगडी जोडून चार खुंट्यांना कमरेइतक्या उंचीवर बांधली होती. फुले वरच्या वर त्यात पडतात, माती लागत नाही, जनावर खाली शिरत नाही. ऊन वर आल्यावर चार जणींनी एकत्र जायचे, उभ्या उभ्या फुले काढायची आणि यायचे. अंधारात वाकावे लागत नाही. दुसऱ्या काही गावांत यासाठी जाळ्या वापरतात, पण मावशी म्हणाली, जाळी विकत कोण घेईल? तेंदूला हा उपाय नाही, तिथे वाकावेच लागते, ते मला ठाऊक आहे. पण मोहापुरते होईल.

गाईड मुलीला मी फोन करून विचारले. तिच्या मावशीच्या गावात मोह वेचणारी चाळीस घरे आहेत, एका घराला निदान चार लुगडी लागतील. संक्रांतीच्या वाणाला आपण दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे वाटतो, ते घरी पडून असतात. यंदा प्रत्येकीने एक जुने नायलॉनचे लुगडे, फाटलेले नको, रथसप्तमीच्या आत मंडळाच्या खोलीत आणून द्यावे. सुती नको, दवाने भिजते आणि कुजते. शिवणयंत्र असलेल्या चार जणींनी नावे दिली आहेत, अजून दोघी हव्यात. काठ काढून ठेवायचे असतील तर आधीच काढा, मागून मागू नका. फाल्गुन लागायच्या आत ती तिकडे पोहोचवायची आहेत. त्या दिवशी गाडीत पाच जागा आहेत, दोन भरल्या.