अखेरची सोबत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संमेलनासारख्या आनंदाच्या प्रसंगी मरणोन्मुख माणसाच्या शुश्रूषेविषयी बोलणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु कार्यकारी मंडळाने विषयाची निवड माझ्यावर सोपविली, आणि आपल्या सभासदांच्या घरी जे पाहिले व स्वतःच्या घरी जे भोगले, त्याहून अधिक उपयोगाचे माझ्यापाशी काही नाही.

माझ्या वडीलबंधूंस स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. तो ध्यानी आला तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. डॉक्टरांनी आम्हांस सारे स्पष्ट सांगितले. आम्ही मात्र दादांना "पित्ताचा विकार आहे, पथ्याने उतार पडेल," असेच सांगत राहिलो. त्यात माया होती, तसा भित्रेपणाही होता. शेवटच्या आठवड्यात दादांनी मला जवळ बसवून विचारले, "तुला ठाऊक होते ना रे?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "मग मला का नाही सांगितलेस? काकांशी पंधरा वर्षांचा अबोला आहे. जाऊन पाया पडलो असतो." तेव्हा काका गावी अंथरुणास खिळलेले होते आणि दादांच्या अंगी प्रवासाचे त्राण उरले नव्हते. फोन लावला, पण काकांना काही ऐकू येईना. तो अबोला तसाच राहिला.

म्हणून माझे पहिले सांगणे हे की, रोग्यापासून त्याचे मरण चोरू नये. सत्य त्याच्या अंगावर फेकावे असे मी म्हणत नाही. "तुम्हांला किती जाणून घ्यावयाचे आहे?" असे हळुवारपणे विचारावे, आणि तो जेवढे विचारील तेवढे खरे सांगावे.

दुसरी गोष्ट वेदनेची. मॉर्फिनचे नाव निघताच आम्ही "व्यसन लागेल" म्हणून ते नाकारले, आणि दादा रात्र रात्र तळमळत राहिले. पुढे मला समजले की, जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरल्या वेळी दिलेल्या या औषधाने अशा रोग्यास व्यसन लागण्याची धास्ती बाळगण्याचे कारण नसते. बद्धकोष्ठ मात्र होते, म्हणून सारक औषध बरोबरीने द्यावे लागते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे हे औषध मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट बरीच सुकर केली. रोग बरा होत नसला तरी रोग्याचे क्लेश हलके करता येतात, या विचाराने सिसिली सॉन्डर्स या विदुषीने १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हे शुश्रूषालय उघडले. आपल्याकडे मुंबईस वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना सदन, आणि पुण्यास १९९७ साली सिप्लाचे उपशामक शुश्रूषा केंद्र सुरू झाले. "आता करण्यासारखे काही नाही," असे कोणी म्हणाले, तर उपशामक उपचारांची चौकशी अवश्य करावी.

तिसरी गोष्ट अन्नाची. जेवू घालणे हीच आपल्याकडे प्रेमाची खूण. वहिनी पेजेची वाटी घेऊन तासन् तास बसत, आणि दादांनी तोंड फिरविले की डोळे पुसत. परंतु देह मिटू लागला की भूक आपोआप मंदावते. बळेच भरविलेला घास ठसका लावतो. अशा वेळी ओठ ओले ठेवणे, तोंड स्वच्छ ठेवणे, साधारण दर दोन तासांनी कूस बदलून पाठीस जखमा होऊ न देणे, हीच खरी सेवा.

चौथी गोष्ट वहिनींचीच. चार महिने त्या सलग एक रात्र झोपल्या नाहीत. भेटीस आलेली मंडळी चहा घेत, नवे वैद्य सुचवीत, आणि जात. "वहिनी, आज रात्री मी बसतो, तुम्ही निजा," असे म्हणणारा एकही निघाला नाही. त्यांत मीही होतो, हे लज्जेने सांगतो. घरातील सून किंवा लेक हीच सेवेस बांधलेली, असे आपण धरून चालतो. हे बदलले पाहिजे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपण शुद्धीवर नसताना कोणते उपचार करावेत व कोणते करू नयेत, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालाने मान्य केला, आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते प्रमाणित करता येते. मुलांच्या माथी तो निर्णय टाकण्यापेक्षा, धडधाकट असतानाच तो लिहून ठेवणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय.

शेवटी मंडळास एक विनंती. आपण विद्यार्थ्यांस पारितोषिके देतो, वधूवरांची सूची काढतो; ते योग्यच आहे. त्याचबरोबर हवेची गादी, डोक्याकडून उचलता येणारी खाट, चाकांची खुर्ची असे साहित्य मंडळाने संग्रही ठेवावे, आणि आठवड्यातून एक रात्र देऊ शकतील अशा सभासदांची यादी करावी. त्या यादीत पहिले नाव माझे लिहून घ्यावे. दादांसाठी जे केले नाही ते आता भरून निघणार नाही. पण दुसऱ्या कोणाची वहिनी एक रात्र तरी निजेल.