आकृती पाहा



दिल्लीतल्या मराठी माणसाला 'ब्लाइंड स्कूल' म्हटलं की आधी दिवाळी आठवते. लालबहादूर शास्त्री मार्गावर, ओबेरॉय हॉटेलाजवळच्या त्या आवारात सणाआधी मेळा भरतो. आपण मेणबत्त्या घेतो, चाट खातो आणि गाडी कुठे लावली होती ते शोधत घरी येतो. मेळा भरवणारी ब्लाइंड रिलीफ असोसिएशन 1944 पासूनची. तिथं शाळाही आहे, पण न दिसणारी मुलं विज्ञान कसं शिकतात, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडलाच नव्हता.

पडला तो दुसऱ्याच एका शाळेतल्या दहावीच्या मुलाला पुस्तक वाचून दाखवायला बसले तेव्हा. हृदयाचा धडा होता. सवयीनं मी वाचून गेले, "आकृतीत दाखवल्याप्रमाणे..." आणि अडखळले. तो शांतपणे म्हणाला, "आगे पढ़िए, मॅम." आकृती ओलांडून पुढे जायची त्याला पहिलीपासूनची सवय होती.

परीक्षाही तीच सवय लावते. सीबीएसईच्या प्रश्नपत्रिकेत आकृतीच्या प्रश्नाखाली, दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी त्याऐवजी वेगळा प्रश्न छापलेला असतो. सूट चांगल्या मनानंच दिलेली असते, पण दरवर्षी सूट घेता घेता भूमितीच हातची सुटते.

याच दिल्लीत, हौज खासच्या आयआयटीत, प्राध्यापक एम. बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांसाठी बरंच काम केलंय. त्यांची 2014 साली आलेली 'स्मार्टकेन' अनेकांना ऐकून ठाऊक असेल. साध्या पांढऱ्या काठीला जमिनीवरचं कळतं, पण छातीशी येणारी उघडी खिडकी कळत नाही. ही काठी ध्वनिलहरींवरून तो अडथळा हेरते आणि मुठीत थरथरते. 2019 मध्ये 'डॉटबुक' आलं. त्यात ब्रेलचे ठिपके पिनांसारखे वर-खाली होतात आणि एकाच ओळीवर अख्खं पुस्तक सरकत जातं. मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती तिथलीच एक साधी वस्तू : उठावाची आकृती. आधी थ्री-डी प्रिंटरवर साचा काढायचा, मग त्यावर तापवलेला प्लॅस्टिकचा ताव ठेवून खालून हवा ओढून घ्यायची. ताव साच्यावर घट्ट बसतो, रेषा वर उठतात. एका साच्यावर पुष्कळ प्रती निघतात.

खरी मेहनत असते काय गाळायचं ते ठरवण्यात. छापील चित्रात आपण नावं बारीक करून कोपऱ्यात कोंबतो. ब्रेलचं अक्षर तसं बारीक करता येत नाही, बोटाच्या टोकाखाली मावेल तेवढंच ते असतं. रेषा जवळजवळ आल्या की बोटाला त्यांची एकच रेघ लागते. म्हणून छटा गाळायच्या, पूर्ण नावाऐवजी एखादं अक्षर टाकायचं, एका चित्राची दोन-तीन पानं करायची. डोळा आधी सगळं चित्र पाहतो आणि मग तपशिलाकडे वळतो. बोट तुकडे गोळा करत करत चित्रापर्यंत पोचतं. त्याला वेळ लागतो, आणि तासाची घंटा सगळ्यांसाठी एकदमच होते.

दिव्यांग हक्कांचा 2016 चा कायदा सांगतो, की 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि साहाय्यक साधनं मोफत मिळावीत. काही ठिकाणी ती मिळतातही. त्या मुलाच्या शाळेतही असे ताव आले होते. ते होते कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कार्यालयात. का, तर "मुलं हाताळून खराब करतील." अहो, हाताळण्यासाठीच तर ते केलेत!

चार खेपा घातल्यावर किल्ली मिळाली. हृदयाचा ताव मी त्याच्यापुढे ठेवला. दोन्ही हातांची बोटं कडेकडेनं फिरली, मधल्या पडद्याशी थांबली. वरचे कप्पे, खालचे कप्पे. खालच्यांची भिंत जाड, हे त्यानंच मला सांगितलं. मग कपाळाला आठी पडली. "मॅम, यह गलत छपा है. डावा कप्पा उजवीकडे आहे."

मी समजावण्यासाठी शब्द जुळवू लागले. शाळेत मी ही आकृती निदान वीसदा काढली असेल. डावं उजवीकडे का, हे तेव्हा मी कुणाला विचारलं नव्हतं.

तो मुलगा ब्रेल पाटीवर लिहिणारा. त्या पाटीवर कागद मागून टोचायचा असतो : उजवीकडून डावीकडे, उलटी अक्षरं टोचत जायची आणि कागद पालटून सरळ वाचायची. क्षणभर तो गप्प राहिला. मग त्यानं ताव उचलला, उठावाची बाजू माझ्याकडे करून स्वतःच्या छातीवर धरला आणि पुढून हात लावून पाहिला.

"अच्छा," तो म्हणाला, "स्लेट जैसा है."