जंत, लस आणि शेळी राखणारी बाई
(शनिवार पेठ, पुणे येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



शनिवार पेठेत बसून शेळ्यामेंढ्यांच्या जंतांवर बोलायचं, याची काहींना गंमत वाटेल. पण ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, तिच्या दारात दोन शेळ्या असतात. घरातलं दुखणंखुपणं, मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च त्यांच्यावरच निभतो. पावसाळ्यात शेळी जंतांनी मेली, की बाईची शिल्लकच जाते.

सर्वांत घातक जंत हिमाँकस. तो शेळीमेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती लेंड्यांतून चराईवर पडतात, ओलीत त्यांच्या अळ्या होतात आणि गवताबरोबर पुन्हा पोटात जातात. जनावरात हळूहळू प्रतिकारशक्ती येते; पण कोकरांत ती उशिरा येते आणि विण्याच्या सुमारास, पाजत्या काळात आईची घटते. पिलासाठी आईनं झिजणं आपल्याला नवं नाही. पेंडीचा खुराक मिळाला तर ही घट कमी होते.

मग लस का नाही? 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात 'बार्बरव्हॅक्स' आली. मूळ संशोधन स्कॉटलंडच्या मोरडन संस्थेचं. जंताच्या आतड्यातली प्रथिनं टोचली, की मेंढीच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. जंत ते रक्त पितो आणि त्याचंच पचन बिघडतं. पण ही प्रथिनं मेंढीला एरवी भेटत नाहीत, म्हणून लस पुन्हापुन्हा टोचावी लागते. शिवाय ती मेंढ्यांतून काढलेल्या जंतांपासूनच बनते.

दुसरी वाट आपल्या फलटणला शोधली गेली. निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर व सहकाऱ्यांनी दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांचा सुंदरबनातल्या गॅरोल जातीशी संकर केला. 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : संकरित कोकरांत जंतांना विरोध जास्त, वजन मात्र कमी भरलं. म्हणजे प्रतिकारशक्ती रक्तातूनही उतरते, पण फुकट मिळत नाही.

तिसरी वाट आजच आपल्या हातात आहे. सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजलं, की औषधाला दाद न देणारे जंतच मागे उरतात. म्हणून शेळीची खालची पापणी उलटून पाहायची. लाल असेल तर ठीक. पांढुरकी असेल तर तिलाच औषध. दक्षिण आफ्रिकेत यासाठी रंगांचा तक्ता तयार झाला.

कोणती शेळी मलूल आहे, हे सकाळी धार काढणाऱ्या बाईला आधी कळतं. पण शिबिराला बोलावणं येतं तिच्या नवऱ्याला! आपली मागणी साधी आहे : हे शिक्षण बाईला, तिच्या वस्तीवर, तिच्या सवडीच्या वेळी मिळालं पाहिजे. उद्या स्वस्त लस आली, तरी ती कधी टोचायची हे जनावर राखणारीनंच ठरवायला हवं.