श्वापदांची शिकार आणि कळसूबाईची शिडी



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत अकोले तालुक्यांतील बारी गांवाहून कळसूबाई चढणाऱ्यास वाटेंत लोखंडी शिड्या लागतात. शिखराची उंची १,६४६ मीटर. शिड्यांमुळें ती बोटभरही उणी झालेली नाहीं. दम तितकाच लागतो; टळतो तो केवळ कडेलोट. पडद्यावरील शिकारीच्या खेळाविषयीं मला जें सांगावयाचें आहे, त्याचें मर्म या शिडींत आहे.

जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘मॉन्स्टर हंटर’ हा व्हिडिओ गेम २००४ सालीं प्रथम निघाला. त्यांत सोपा किंवा कठीण असा पर्याय निवडावयाचा नसतो. शिकारी बहुधा तीनदां मूर्च्छित पडला, कीं मोहीम फसली. श्वापदाची शक्ति किती उरली, हें दाखविणारी पट्टी नाहीं. तें लंगडूं लागलें, म्हणजे ओळखावें. हें काठिण्य न्याय्य होय. कारण निरीक्षणानें तें जिंकतां येतें.

परंतु जुन्या खेळांत निराळा जाचही होता. श्वापदावर रंगाचा गोळा फेकला नाहीं, तर तें कोठें गेलें हें नकाशावर सहसा दिसत नसे. औषध पितांना शिकारी जागीं खिळून राही. २०१८ च्या ‘वर्ल्ड’मध्यें काजव्यांसारखे किडे माग दाखवूं लागले, आणि चालतां चालतां औषध पितां येऊं लागलें. खेळ बिघडला, अशी जुन्या खेळाडूंची कुरकुर सर्वस्वीं खोटी नव्हे. औषध केव्हां प्यावें हें हेरणें ही एक कलाच होती. रंगाचा गोळा मात्र निव्वळ ओझें होतें.

२०२५ च्या ‘वाइल्ड्स’विषयीं तक्रार अशी, कीं श्वापदें फार लवकर कोसळतात. येथें शिडी लागली, पण शिखरही खचलें! पुढें कंपनीनें अधिक बलवान श्वापदें आणलीं, तें योग्यच झालें. त्याच खेळांत, कोळ्यांची भीति वाटणाऱ्यांसाठीं, तसल्या लहान जीवांचें रूप पालटण्याची सोय आहे. तिनें कोणाचा पराक्रम उणा झाला?

आतां आपल्या घरांतली गोष्ट. या खेळांतील सूचना मराठींत नाहींत. जो मुलगा इंग्रजी अडखळत वाचतो, तो पुष्कळदां श्वापदाकडून हरत नाहीं, सूचनेकडून हरतो. त्याला मात्र वाटतें, कीं आपल्यालाच जमत नाहीं; आणि हा समज खेळाबरोबर संपत नाहीं, तो अभ्यासापर्यंत जातो. म्हणून वडील मंडळींस माझी विनंति आहे. मूल हरलें, कीं त्याच्याजवळ घटकाभर बसावें आणि पहावें : शिखर उंच होतें, कीं शिडीच नव्हती? सूचना न कळली असेल, तर ती मराठींत समजावून द्यावी. तेवढी शिडी आपण धरावी. शिकार मात्र त्याची त्यालाच करूं द्यावी.