धार लावायचा दगड कसा निवडावा
(साक्षरता वर्गातील भाषण)



आज आपण दगडाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजी, दगडात काय शिकायचे? सांगतो.

विळा, विळी, सुरी, कोयता ही आपली रोजची हत्यारे. हत्यार बोथट असले की जोर करावा लागतो. जोर केला की ते निसटते आणि बोटावर येते. धार असली की थोड्या जोरात काम होते. म्हणून धार ही चैन नव्हे. ती हाताची राखण आहे.

पुष्कळ जण चाकावर धार लावून घेतात. काम झटपट होते खरे. पण चाक कोरडे असले आणि पाते दाबून धरले, तर ते तापते. तापून निळे पडले की त्या जागचे पाणी उतरले म्हणून समजा. मग धार टिकत नाही. ओल्या दगडावर हाताने धार लावली तर पाते तापत नाही.

आता दगड कोणता घ्यावा? दगडावर किंवा त्याच्या खोक्यावर आकडा असतो. आकडा लहान, तर दाणा जाड. आकडा मोठा, तर दाणा बारीक. एवढे ध्यानात ठेवा.

२२० ते ४०० चा दगड जाड. धारेला खांडे पडली असतील, तर तो लागतो.
१००० च्या आसपासचा दगड मधला. बोथट धार तो परत आणतो.
३००० ते ६००० चा दगड बारीक. तो धार गुळगुळीत करतो.

जपानात असे पाण्याचे दगड फार वापरतात. तिकडचे सुतार रंध्याची पातीही त्यांवरच लावतात.

पण तिन्ही दगड एकदम घेऊ नका. पहिला १००० चा घ्या. हत्याराला खांडे पडत असतील, तर दुसरा जाड घ्या. बारीक दगड शेवटी. शेतीच्या हत्यारांना तो लागतच नाही. एका बाजूला ४०० आणि दुसऱ्या बाजूला १००० असा जोडदगडही मिळतो. घरच्या कामाला तो पुरतो. दगड वीतभर लांब आणि तीन-चार बोटे रुंद असावा. फार लहान दगडावर पाते नीट फिरत नाही.

काही दगड पाण्यात भिजवावे लागतात. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावेत. काहींवर नुसते पाणी शिंपडले की झाले. कोणता कसा, ते दुकानात विचारून घ्या. पाण्याच्या दगडाला तेल मात्र लावू नका. त्याची भोके बुजतात आणि मग पाणी मुरत नाही.

आता सुरी लावण्याची रीत. दगडाखाली ओले फडके घाला, म्हणजे तो सरकणार नाही. पाते तीन बोटे रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून एक बोट उचला. तेवढाच कल शेवटपर्यंत ठेवा. पाते पुढे-मागे घासा. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक खरखरीत कड येते. ती सबंध धारेवर आली की बाजू बदला. शेवटी हलक्या हाताने ती कड काढून टाका. कोयत्याची पाठ थोडी जास्त उचलावी, कारण त्याची धार जाड हवी. विळा वाकडा असतो. तो घट्ट धरून त्यावर दगड फिरवावा. दात्यांच्या विळ्याला मात्र दगड लावू नका. दाते झिजून जातील.

धार बोटाने पाहू नका. कागद कापून पाहा. पोरे जवळ असताना हे काम करू नका.

घासून घासून दगड मधे खोलगट होतो. मग कल साधत नाही. सपाट फरशीवर वॉटर पेपर ओला करून ठेवा आणि त्यावर दगड घासा. आधी दगडावर पेन्सिलीने रेघा ओढा. सगळ्या रेघा पुसल्या की दगड सपाट झाला.

आता तुम्हांला आकडे वाचता येतात. दुकानदार म्हणाला, "कोणताही न्या, सगळे सारखेच," तर मान डोलावू नका. दगड हातात घ्या, आकडा स्वतः वाचा आणि मगच पैसे द्या.