धानाचे गोदाम आणि खोटी घंटा

अर्जुनी मोरगावचा हा परिसर धानाचा. गोदामातील किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो. तो हेरण्यासाठी ओळीने बसविलेल्या विद्युत-रासायनिक संवेदकांचा प्रवाह अतिसूक्ष्म, ॲम्पिअरच्या दशलक्षांशात मोजावा लागणारा. शेजारच्या भातगिरणीची मोटार सुरू झाली की तिचा उपद्रव या तारांत उतरतो आणि घंटा उगाच वाजते. चार वेळा फसलेला हमाल पाचव्या वेळी जागचा हलत नाही. मला भय वाटते ते त्याचेच. म्हणून संवेदकांच्या तारा मोटारीच्या तारांपासून दूर न्याव्यात, जोडीने पिळाव्यात आणि त्यांवरील धातूचे वेष्टन एकाच टोकाशी जमिनीला जोडावे. मात्र घंटा वाजली की आधी बाहेर पडावे. तारा मागाहून तपासाव्यात.